इंदूकाकी मीटिंगला बसतात

इंदूकाकी माझ्या ऑफिसच्या मीटिंगला बसायच्या. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं. अकराला पाच कमी असताना त्या सूप घेऊन माझ्या खोलीत यायच्या, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने दाराशी पाट मांडायच्या आणि तांदूळ निवडत तासभर ऐकायच्या. मीटिंग थोडी मराठीत, थोडी हिंदीत आणि बरीचशी इंग्रजीत चालायची. काकींचं शिक्षण सातवीपर्यंत. तरी मीटिंग संपली की कोण खोटं बोललं, कोण कुणावर जळतं आणि कुणाची तब्येत बरी नाही, हे त्या सांगायच्या आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

"तुझ्या सायबाक आज ताप आसा," त्या एकदा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर.

शेवटी माझा नंबर लागायचा. "तू आजपण कायच बोलूक नाय."

मी विजयदुर्गला कसा पोचलो हे सांगायला थोडी लाज वाटते. घरून काम करायची परवानगी होती, पुण्यातल्या घराचा कंटाळा आला होता, आणि कुठे तरी 'लहान, जुनी, स्वस्त गावं, जिथे बसून काम करता येईल' अशी एक यादी वाचनात आली. सोबत फोटो होता: किल्ल्याचा तट, मागे समुद्र, लॅपटॉप घेऊन बसलेला एक माणूस आणि वाऱ्यावर उडणारे त्याचे केस. माझ्याकडे लॅपटॉप होता. केसांचं पुढे बघू म्हटलं. पहाटे कोकण रेल्वेच्या नांदगाव स्टेशनवर गाडीतून उतरलो, तळेऱ्याहून एसटी पकडली आणि गावात खोली बघितली. ती काकींची.

दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन तटावर गेलो. उन्हामुळे पडद्यावर माझ्या चेहऱ्याशिवाय काही दिसेना. नेटवर्क बसल्यावर जायचं आणि उभं राहिल्यावर यायचं, म्हणून अख्खी मीटिंग मी लॅपटॉप तळहातावर धरून, ऑर्डर घेऊन आलेल्या वेटरसारखा उभा राहून केली. किल्ला बघायला आलेल्या एका शाळेच्या सहलीतली मुलं माझ्याभोवती जमली. मी जमीन मोजणीवाला आहे असं बाईंनी त्यांना सांगितलं. त्यानंतर मी मुकाट्याने खोलीत टेबल लावलं आणि काकींचा पाट दाराशी आला.

काकी साठीच्या पुढच्या, बारीक, ताठ. यजमान बंदर खात्यात होते, ते जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलता मुलगा विनू आखातात नोकरीला, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. तो गणपतीला येतो. निदान यायचा.

माझं काम काय, हे समजून घ्यायचा काकींनी पहिल्याच आठवड्यात प्रयत्न केला. मी सांगितलं की कंपनीतल्या लोकांनी दिलेली माहिती मी पडद्यावर नीट चौकोनांत मांडतो.

"म्हणजे चौकोन काढतस. मगे?"

मग ते साहेबांना दाखवतो.

"मगे?"

साहेब त्यांच्या साहेबांना दाखवतात.

"मगे?"

मग ते म्हणतात, चौकोन निळे करा.

काकींनी माझ्या पडद्यावरचे चौकोन बोटाने एकेक करून मोजले. सतरा वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचा इतका खोल विचार दुसऱ्या कुणी केला नव्हता. मग "जेवान वाढूया," असं म्हणून त्या उठल्या.

हे 'मगे?' त्यांचं सगळ्यांसाठी होतं. मासे घेऊन येणाऱ्या बाईने सुरमई नाही म्हटलं तरी 'मगे?', डॉक्टरांनी गोळी सांगितली तरी 'मगे?'. समोरचा माणूस दोन-तीन 'मगे'त आपणहून खरं बोलायला लागायचा.

माझ्या सहकाऱ्यांपैकी त्यांना एकच मुलगी पसंत होती. "ता चेडू कामाचा आसा. बाकीचे नुसते मान हलवतत." मग माझ्याकडे बघून, "तूय."

खरं तर मी मानसुद्धा हलवत नव्हतो. बहुतेक मीटिंगना मी कॅमेरा बंद ठेवून फोनवर कुण्या अनोळखी माणसाशी बुद्धिबळ खेळायचो आणि हरायचो. काकी दाराशी, फोन माझ्या मांडीवर, त्यामुळे त्यांना ते दिसत नसावं असा माझा समज होता.

नोव्हेंबरात काकी परसातल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरल्या. घोटा सुजून नारळाएवढा झाला. डॉक्टरांनी पंधरा दिवस हिंडूफिरू नका म्हणून सांगितलं. विनूला कळवतो म्हटलं तर त्यांनी हात धरला. थयसून तो काय करतलो, उगाच काळजी, तू सांगू नको, एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "विनूचापण असांच आसतला ना रे? सकाळपासून मीटिंगी?"

"असणारच की."

"दोन महिने बघतंय तुका. खरांच येळ गावना नाय रे तुमका फोन करूक."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दोन महिने दाराशी कशासाठी बसत होत्या. माझ्या मांडीवर बुद्धिबळाचा डाव अर्धा पडलेला होता. "नाही मिळत, काकी," मी म्हणालो. "अजिबात नाही मिळत."

त्यांना बरं वाटल्याचं दिसलं. मी मांडीवरचा डाव तसाच सोडून दिला.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन दाखवायचं. यंदा काकींना जाता येईना. हे आता घरबसल्या फोनवर होतं, पाच मिनिटांचं काम, असं मी ऐटीत सांगितलं. मग त्यांना माझ्या फोनसमोर बसवलं. फोन म्हणाला, डोळे मिटा. त्यांनी मिटले. फोन म्हणाला, चेहरा ओळखता येत नाही. मागे खिडकी होती, म्हणून मी त्यांना उलटं बसवलं. चार वेळा मिटून उघडून झाल्यावर काकी म्हणाल्या, "मी जित्ती आसय ह्यां हेका सांगूचा कोणी?"

पाचव्यांदा जमलं. मग ओटीपी पाहिजे होता, आणि कागदोपत्री लावलेला नंबर निघाला विनूचा. काकी म्हणाल्या, ऱ्हवांदे, तो मीटिंगीत आसतलो. मी त्यांचं न ऐकता माझ्या फोनवरून त्याला निरोप पाठवला. दोन मिनिटांत काकींच्या फोनवर विनूचा फोन आला. त्याने सहा आकडे सांगितले आणि ठेवला. आमचं नेटवर्क तेवढ्यात गेलं, ओटीपीची मुदत संपली.

दुसऱ्यांदा त्याचा फोन आला. काकी कानाला फोन लावून एकेक आकडा मला सांगत होत्या. विनूचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता. तो शेवटचा आकडा एक म्हणाला. काकींनी मला सात सांगितला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या सुपातल्या तांदळाकडे बघत होत्या.

मी सात टाकला. ओटीपी चुकीचा, असं आलं. फोन चालूच होता. विनू वैतागून म्हणाला, आये, नीट ऐक गे. मग त्याने विचारलं, जेवलीस काय. काकींनी सांगितलं, अजून नाय, पेडवे आणलेत. कसला, तिखला काय, असं त्याने विचारलं आणि दोघं माशांच्या त्या झणझणीत कालवणावर थोडं बोलली. मग त्याला कुणीतरी हाक मारली, त्याने फोन ठेवला.

तिसऱ्या फोनला काकींनी सगळे आकडे बरोबर सांगितले. बहुधा मुलाचा खोळंबा होतोय असं त्यांना वाटलं असावं. शेवटच्या आकड्यावर माझं बोट थांबलं. अकरा वाजत आले होते, साहेबांना निळे चौकोन हवे होते. मी पाचाच्या जागी सहा दाबला.

"पुन्हा चुकलं," मी मोठ्याने, फोनमध्ये ऐकू जाईल असं म्हणालो. "आणि काकींच्या पायाची सूज वाढलीय, त्यांना जास्त वेळ बसवत नाही."

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकलो. पलीकडे खुर्ची सरकल्याचा, दार लागल्याचा आवाज आला.

"आये, पायाक काय झालां?"

मी लॅपटॉप उचलून ओटीवर गेलो. मीटिंग सुरू झाली होती, माझं नाव घेऊन कुणीतरी काही विचारत होतं. आतून काकींचा आवाज येत होता. पायरीचं झालं, डॉक्टरांचं झालं, मग शेजारच्या गायीचं निघालं. मधेच विनूने ओटीपीचं काही विचारलं असावं.

"आकडो मगे सांग रे," काकी म्हणाल्या. "तेची घाई नाय."