तंटा नसलेला दिवाण

आमच्या गावातून दिवाण आणि कपाट बाहेर न्यायचं असेल, तर सोबत निदान एक पाण्याचा हंडा असावा, असा नियम कुठं लिहिलेला नाही. पण तो आहे. टेम्पोत दिवाण, कपाट, गाद्या, हंडा आणि वर उलटी बांधलेली खुर्ची दिसली, की लोक म्हणतात बदली झाली. भांड्यांना लाल रिबिनी दिसल्या, की म्हणतात लग्न आहे. नुसता दिवाण आणि नुसतं कपाट दिसलं, की कुणी काही म्हणत नाही. लोक हातातलं काम ठेवून रस्त्यावर येतात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. जळकोटच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. तिथं मी जन्म काढला. पण माणूस दुसऱ्याच्या टेम्पोकडं बघतो तेव्हा त्याला वाटत नाही की एक दिवस आपलाही भरावा लागेल.

माझी बायको पुतळाबाई उन्हाळ्यात गेली. दवाखान्यात असतानाच तिनं मला सांगून ठेवलं होतं. "माझा दिवाण आन् कपाट क्षमाला द्या. तिची लेकरं खाली फरशीवर झोपतेत. भांडी राहू द्या. तुम्हाला करून खावं लागंल." क्षमा आमची लेक, धाराशिवला असते. तिनं नवीन घर बांधलं, पण घर बांधून झाल्यावर आत ठेवायला काही उरलं नाही. दिवाण सागवानी आहे. तो पुतळाबाईनं तीन वेळा रंधा मारायला लावून करून घेतला होता. सुताराला वाटायचं झालं, तिला वाटायचं नाही.

ती गेल्यावर त्या दिवाणावर मी झोपलो नाही. एका कडेला सरकून झोपायची सवय जात नव्हती, आणि दुसरी बाजू तशीच राहायची. मी ओसरीत झोपू लागलो. तिच्या मागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मी तिचं सांगणं पुरं करायचं ठरवलं. काम सोपं होतं. दोन वस्तू, एक टेम्पो.

गावात अमरसिंहाचा छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो आहे. मी त्याला बोलावलं. त्यानं गाडी दारात लावली आणि चालू ठेवूनच विचारलं, "काका, सामान काय काय हाय?"

"दिवाण आन् कपाट."

"ते झालं. बाकीचं?"

"बाकीचं काय न्हाय."

अमरसिंहानं गाडी बंद केली. "गॅस, शेगडी?"

"न्हाय."

"गाद्या? कुलर?"

"न्हाय."

"काका, एखादी बादली तरी?"

"बादली मला लागती की."

तो खाली उतरला आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसला. "राग मानू नका. पण म्या मागं असंच निस्तं कपाट भरलं होतं. अर्ध्या वाटंत माहेरची आन् सासरची माणसं गाडीपुढं आडवी झाली. कपाट एकाचं, किल्ली दुसऱ्याकडं. आन् गाडी माझी. तवापासून ठरवलंय, निस्तं फर्निचर न्यायचं न्हाय. तुम्ही तंटामुक्ती समितीकडनं एक कागद आणा. तंटा नाही म्हणून. मग धाराशिवच काय, दिल्लीला नेतो."

अमरसिंह रिकामी गाडी घेऊन गेला. दारात आलेली गाडी रिकामी परत गेली, हे गावानं पाहिलं. थोड्या वेळानं शेजारच्या जगदेवी झाकलेली ताटली घेऊन आल्या. पुतळाबाई गेल्यापासून त्या अधूनमधून भाजी आणून देतात. आज भाजीवर तूप होतं, म्हणजे काहीतरी विचारायचं होतं.

"श्रीपतीभाऊ, क्षमाचं बरं हाय ना?"

"बरं हाय."

"जावई येतेत ना?"

"येतेत."

"मग सुगतचं काय झालं?"

सुगत माझा मुलगा, क्षमापेक्षा मोठा. पुण्याला कंपनीत आहे, बायकोसोबत एका खोलीत राहतो. त्याचंही बरं आहे असं मी सांगितलं. जगदेवींनी मान हलवली. "जाऊ द्या. सांगायचं नसंल तर नका सांगू. पण मन मोकळं केलं की हलकं वाटतं," म्हणून त्या गेल्या.

दिवस मावळायच्या आत गावात तीन मतं झाली. एक, जावयानं क्षमाला घालवून दिली असून ती उद्या येणार आहे. उद्या ती येणार असेल तर तिच्यासाठी असलेला दिवाण आजच बाहेर का न्यावा, हे कुणी विचारलं नाही. दोन, सुगतनं वाटणी मागितली. तिसरं मत दबक्या आवाजात होतं. म्हातारा जुना दिवाण काढतोय म्हणजे नवा आणणार, आणि या वयात नवा दिवाण कुणी एकट्यासाठी आणत नाही. या तिसऱ्या मताची मला स्वतःला सगळ्यात जास्त गंमत वाटली. पुतळाबाईला सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष अण्णाराव यांच्याकडं गेलो. अण्णाराव सभ्य माणूस. आमचं गाव बऱ्याच वर्षांपूर्वी तंटामुक्त जाहीर झालं आहे. तेव्हापासून लोक भांडणं गावाबाहेर जाऊन करतात. त्यामुळं समितीला काम नाही.

"या श्रीपतीभाऊ, बसा. कळलं मला. लई वाईट झालं."

"काय झालं नाही अण्णाराव. तंटा नाही असा कागद पाहिजे."

अण्णारावांनी चष्मा लावला, वही चाळली आणि चष्मा काढला. "तंटा नाही असं लिहायला आमच्याकडं जागाच नाही. तंटा मिटला, असं आहे."

"पण मिटायला झालाच न्हाय की."

"तेच तर. न झालेला तंटा आम्ही मिटवायचा कसा? उद्या वरून कुणी विचारलं, काय मिटवलं, तर काय दाखवू? तुम्हाला दिवाण न्यायचाय ना? मग थोडं सहकार्य करा. दोन पार्ट्या लागतेत. हायत का?"

"दोन लेकरं हायत मला."

"झालं तर मग," अण्णाराव म्हणाले. "देवानं सोयच केली म्हणायची."

आम्ही देव मानत नाही, पण लेकरं दोन होती हे खरं. घरी येऊन सुगतला फोन लावला.

"बाबा, मला दिवाण नको आन् कपाट पण नको. माझ्या खोलीत वृषालीनं कूस बदलली की मला उठून उभं राहावं लागतंय. कुठं ठेवू?"

"ठेवायचं न्हाय. निस्तं मागायला ये."

"म्हणजे?"

"म्हणजे ये, आन् बहिणीशी भांड. मग कागद मिळतो."

 तो हसला. म्हणाला, येतो.

रविवारी दोघं आली. सुगत पहाटेच्या गाडीनं, क्षमा एसटीनं. आधी आमच्या ओट्यावर चहा झाला आणि तालीम झाली. "तू म्हण, कपाट मला पाहिजे," क्षमा त्याला शिकवत होती, "आन् जरा कपाळाला आठ्या पाड. दादा, असा हसतोस काय? भांडायला आलास ना?" आई गेल्यापासून क्षमा पहिल्यांदा हसत होती. मला वाटलं, एवढ्यावर जरी सगळं थांबलं तरी चालेल.

बैठक पंचायतीच्या हॉलमध्ये झाली. समितीचे सगळे सदस्य इस्त्रीचे कपडे घालून आले होते. खिडक्यांत माणसं होती. अण्णाराव म्हणाले, "अर्जदारानं तक्रार सांगावी."

सुगत उभा राहिला. "मला कपाट पाहिजे."

"का?"

"असंच. पाहिजे."

क्षमा तोंडावर पदर धरून हसायला लागली. महांतप्पा म्हणून एक ज्येष्ठ सदस्य आहेत, त्यांनी हात वर केला. "अध्यक्ष, हे बरोबर न्हाय. यात तंटा दिसत न्हाय. निस्तं पाहिजे म्हणलं म्हणजे तंटा व्हतो व्हय? पोरा, कायतरी जुनं काढ. लहानपणाचं काढ. आयबापानं हिला दिलं आन् तुला न्हाय दिलं, असं काय असंल की."

"तसं काय न्हाय वो."

"असतंय. प्रत्येकाच्या घरात असतंय. आठव."

सगळा हॉल त्याच्या आठवण्याची वाट बघत थांबला. सुगतनं खाली बघितलं. तो काहीतरी खोटं शोधत होता, हे मला दिसत होतं. खोटं वेळेवर सापडलं नाही.

"आई दवाखान्यात होती तवा ही होती तिच्यापाशी," तो म्हणाला. "मला रजा मिळाली न्हाय. मी आलो तवा झालं होतं सगळं. आई हिच्याशी बोलली, बाबांशी बोलली. मला काय म्हणली ते कुणीच सांगत न्हाय."

क्षमाचं हसणं थांबलं. "दादा, तुला सांगितलं की मी. तुझं नाव घेतलं तिनं."

"नाव घेतलं म्हणजे काय म्हणली?"

"नाव घेतलं. एवढंच."

"मग मला कपाट पाहिजे," सुगत म्हणाला. या वेळी त्याला आठ्या पाडाव्या लागल्या नाहीत.

"आईनं दोन्ही मला दिलेत," क्षमा म्हणाली. आणि तिलाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

"हां!" महांतप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. "आता झाला."

मी उठलो. "अण्णाराव, हे खरं न्हाय. कागदासाठी म्हणून सोंग काढलं होतं आम्ही. थांबवा हे."

अण्णारावांनी फार मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "श्रीपतीभाऊ, सोंगात एवढं डोळ्याला पाणी येत न्हाय. बसा तुम्ही." आणि लिहिणाऱ्याला सांगितलं, "वडिलांची हरकत आली, नोंद घ्या. तिसरी पार्टी." तिसऱ्या पार्टीनं बैठकीला वजन आलं. सदस्य खुर्चीत ताठ बसले.

निकाल न्यायाला धरून झाला. वस्तू दोन, लेकरं दोन. दिवाण मुलीला, कपाट मुलाला. पुतळाबाई काय म्हणाली होती ते मी सांगितलं, पण ती समितीपुढं हजर नसल्यामुळं ते विचारात घेता आलं नाही. मग दोघा भावंडांना शेजारी उभं करून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायला लावून फोटो काढला. फोटोत सगळे हसतात. माझी दोन लेकरं सोडून.

कागद मिळाला. अमरसिंहानं तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दिवाण भरला. एका टोकाला सुगतनं धरलं होतं, दुसऱ्या टोकाला मागाहून आलेले जावई होते. दोरी आवळताना अमरसिंह मला म्हणाला, "बघा काका, कागदानं कसं सगळं मोकळं होतं." दिवाण धाराशिवला पोचला. नातवंडं त्यावर झोपतात. कपाट पुण्याला न्यायला जागा नाही, म्हणून ते इथंच आहे. समितीच्या निकालानुसार ते सुगतचं असल्यामुळं मी त्यात काही ठेवत नाही. पुतळाबाईच्या साड्या त्यातून काढल्या होत्या, त्या दोरीवर आहेत.

क्षमाचा फोन येतो. "दादा काय म्हणतो? बरा हाय का?" सुगतचा फोन येतो. "दिवाण बसला का नीट? क्षमा काय म्हणली?" मी म्हणतो, तुम्ही एकमेकांना विचारा की. दोघंही म्हणतात, "आता कसं विचारायचं बाबा? कागद झालाय."

आमचं गाव यंदा पुन्हा तंटामुक्त जाहीर झालं. वेशीवरची पाटी रंगवून घेतली आहे.

ही हकीकत मी पुष्कळ लोकांना सांगितली. एसटीत सांगितली, दवाखान्यात सांगितली, लेकीच्या गल्लीतही सांगितली. ऐकणारा शेवटपर्यंत शांतपणे ऐकतो, हळहळतो, समितीला नावं ठेवतो. मग जरा जवळ सरकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "ते सगळं खरं वो. पण आतली गोष्ट काय?"

तुम्ही तसं विचारणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही एवढंच मनात म्हणाला असाल, की सुगतच्या बायकोनं काहीतरी भरवलं असणार. वृषालीचं नाव इथं एकदाच आलं, तेही झोपेत कूस बदलण्यापुरतं. तरी तुम्हाला ते आठवलं. अण्णारावांच्या समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. बघा, जमतंय का.