कोमलच्या नवऱ्याची बाजू

शुक्रवारी दुपारी रेणुका आपला फोन घेऊन आपल्याच बेडरूममध्ये शिरली आणि तिने आतून कडी लावली. कुसगावच्या त्या घरातली ही एकमेव चांगली खोली. शनिवार-रविवार ती पर्यटकांना भाड्याने जायची आणि नवराबायको स्वयंपाकघरात अंथरूण टाकायचे.

"अगं, उद्या पार्टी येतीय! खोली उघड," प्रदीप बाहेरून म्हणाला.

"येऊ द्या की. त्यांना झोपवा किचनमदी. मी न्हाई उठायची हितनं."

प्रदीपने मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, 'बायको ऐकत नाही. काय करू?' एकाने हसरे चेहरे टाकले. दुसऱ्याने लिहिलं, 'भावा, मर्द बन.' तिसऱ्याने खोलीचा रेट विचारला.

"बाप्यांना इचारतात व्हय असलं?" शेजारचा कैलास म्हणाला. "फेसबुकवर मावळातल्या बायकांचा ग्रुप हाय. तितं एकीनं रडगाणं लिवलं की शंभरजणी उत्तर देत्यात."

"मला कोण घेतंय तितं?"

"मग बाई हो की!"

प्रदीपने 'कोमल' नावाचं खातं उघडलं. ओळख पटू नये म्हणून त्याने नवऱ्याच्या जागी बायको आणि बायकोच्या जागी नवरा घातला. 'मी घरातली खोली पाहुण्यांना देते, आम्ही किचनमध्ये झोपतो. नवरा आत कडी लावून बसलाय. कसं समजावू?'

इथे कोणी हसलं नाही. बायकांनी चौकशी सुरू केली.

'पाहुण्यांचा चहा-नाश्ता कोण करतं?'

'नवरा,' प्रदीपने प्रामाणिकपणे लिहिलं.

'चादरी कोण धुतं?'

'नवराच.'

'मग ताई, तू काय करतेस?'

प्रदीपला जरा विचार करावा लागला. 'मी फोन उचलते.'

त्यानंतर ग्रुप पेटला. वडगावच्या झुंबरबाईंनी लिहिलं, 'अगं भवाने, चादरी धुणारा नवरा देव्हाऱ्यात ठेवावा. त्याला किचनमदी झोपवतीस?' नंदाबाईंनी फर्मावलं, 'आधी त्याची माफी माग.' शिरगावच्या मानसीने तर मुद्द्यालाच हात घातला. 'ताई, तुला नको असेल तर सांग. माझी मावसबहीण लग्नाची आहे.' तिच्याखाली आणखी स्थळं येऊ लागली. कोणाची नणंद, कोणाची भाची.

'नवरा द्यायचा नाही!' प्रदीपने घाईघाईने लिहिलं. मग फोन करून उद्याची पार्टी रद्द केली आणि दारापाशी आला.

"रेणुका, चुकलं माझं. पार्टीला न्हाई म्हणून सांगितलं. आता ही खोली कुणाला द्यायची न्हाई."

"बरं केलंत."

कडी मात्र निघाली नाही.

"अगं, मग उघड की दार!"

"थांबा वो, कोमलताई," आतून आवाज आला. "मला आलेली स्थळं वाचतीय. सगळ्या पोरीच दिसत्यात. कुणाला एखादा भाऊ हाय का, तेवढं इचारा ग्रुपवर."