सात सीटा की उघडं छप्पर

आमच्या वरच्या मजल्यावरचे मेश्रामकाका गाडीत बसत नाहीत, खांब रोवावा तसे स्वतःला आत उभं रोवतात. कंबर ताठ, मान ताठ, तोंडाने "हळू... हळू..." आणि हेही स्वतःलाच! जुन्या गाड्यांच्या दुकानांत ते दिसले की मालक चाव्या लपवतात.

गाडी हवी आहे काकूंसाठी. धंतोलीतल्या दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून काकू घराबाहेर पडलेल्या नाहीत. वाकायचं नाही, ऑटोचे धक्के खायचे नाहीत. "तिले बाहेर काढतोच," असं काकांनी जाहीर केलं आणि तेव्हापासून स्वतःच बाहेर असतात. पायाला भिंगरी लागल्यासारखे, तेही भर दुपारी. मला गाडी चालवता येते, या एकाच गुन्ह्यासाठी मलाही सोबत पळवतात.

शोध शेवटी सदर बाजारातल्या एका दुकानात दोन गाड्यांवर अडला. एक सात सीटांची, सरकत्या दाराची, कुण्या कुटुंबानं मनसोक्त वापरलेली. सीटच्या फटीत अजून बिस्किटांचा चुरा होता. दुसरी लाल, परदेशी, दोन दारांची. बटण दाबलं की छप्पर मागे घडी होऊन बसे. तिच्या हौशी मालकानं इथल्या उन्हाळ्यापुढे हात टेकले होते.

"काका, नागपूरच्या उनात उघडी गाडी? काकूचा पापड होईन!"

"तुले समजत नाही गा. छप्परच नाही, तं मान काहून वाकवा लागन?"

"अन् सीट जमिनीले टेकली, त्याचं काय? उठवणार कसं?"

"तेच तं पाहून राहिलो न!" म्हणत काका पुन्हा लाल गाडीत शिरले आणि चांगलेच अडकले. मी आणि दुकानदारानं काखेत हात घालून ओढलं, तेव्हा शर्ट वर सरकला. आत कमरेला काकूंचा ऑपरेशननंतरचा पट्टा आवळलेला होता.

"दुपारी ती निजते, तवा काढून ठेवते," काका ओशाळून म्हणाले. "तिले कुठं रुतन, ते मले कसं समजन?"

हसायची वेळ होती खरी, पण मी काकांचा शर्ट खाली ओढून दिला. दुकानदार पाणी घेऊन आला.

सात सीटांची ठरली. हे सांगायला वर गेलो तर काकू जाग्या होत्या. काकांनी उभ्याउभ्याच सुरू केलं. सरकतं दार, लाल गाडीचा नखरा, मग रामटेकला कसं जायचं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"घ्या न गाडी. जाऊ," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही दिवसभर बाहेर राहता जी. एकटीले घर खायले उठते."

काकांनी काकूंची उशी सारखी केली. मग म्हणाले, "तुले असं पडलेलं पाहवत नाही वं."

"मंग नका पाहू. नुसते जवळ बसा."

काका पलंगाच्या कडेला टेकले. मी दार ओढून घेतलं. जिन्यावर होतो, तोच आतून काकूंचा आवाज आला, "हं, आता सांगा. त्या लाल गाडीचं छप्पर कसं उघडते?"