खोबरेकरभाऊंचा तिसरा डोळा

खोबरेकरभाऊ आमच्या इथल्या, आखातातल्या, हवल्लीच्या फ्लॅटमध्ये आले की चपला काढायच्या आधी दिवे मालवतात. माझी बायको स्वयंपाकघरात मोहरी तडतडवत असते आणि अचानक घरभर मिट्ट काळोख! ती किंचाळायच्या आत अंधारातून आवाज येतो, "घाबरू नकोस गो, फोडणी करपता ती माका दिसता!"

दिसते खरी. कारण भाऊंच्या डोक्याला पट्ट्याने बांधलेलं एक यंत्र असतं, त्याची दोन नळकांडी डोळ्यांवर. रात्रीचं दाखवणारं यंत्र. इथले लोक थंडीत वाळवंटात तंबू ठोकतात, त्यांच्या सामानाच्या दुकानातून भाऊंनी ते उचललं. भाऊ मालवणकडचे, शुऐबाच्या कारखान्यात माझे सीनियर, आणि हे यंत्र कशासाठी? तर कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडण्यासाठी! आता बोला.

अवसेच्या ओहोटीला आमच्या मराठी मंडळातली कोकणी मंडळी मीना अब्दुल्ला भागाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर कुर्ल्या धरायला जातात. अवसेची कुर्ली भरलेली, पुनवेची पोकळ, हे त्यांचं शास्त्र. मी नाशिकचा. आमच्याकडे द्राक्षं तोडतात, ती उलटून चावत नाहीत. पण माझी गाडी मोठी, हा माझा गुन्हा. त्यामुळे बालद्या, चिमटे आणि भाऊ हे सगळं माझ्याच गाडीत.

सगळे कपाळावर दिवा बांधून उतरतात. भाऊंना दिवा म्हटला की तिडीक. "उजवाड मेलो चुगलखोर!" हे त्यांचं ब्रीद. उजवाड म्हणजे उजेड. "तुमचो उजवाड तुमच्या फुडे जाता नि कुर्लेक सांगता, पळ गो बाय, हे इले!"

यावर आमचे कुडाळचे सावंत फिटर भडकतात. "काय सांगतास, भाऊनू! बत्ती मारली की कुर्लेचे डोळे दिपतत. जाग्यार बसता. मगे पाठीसून धरूची. ह्येच्यात यंत्र कशाक होया?"

यंत्राची पहिली चाचणी मी विसरणं शक्य नाही. भाऊ वाकून वाकून चालले होते. एकदम झेप घेतली, चिमटा आवळला आणि ओरडले, "गावली! गावली!" तो माझा अंगठा होता. त्या यंत्रातून सगळं दिसतं, पण किती लांब आहे ते चटकन कळत नाही, असा खुलासा भाऊंनी नंतर केला. माझ्या अंगठ्याला त्या खुलाशाचा काडीइतका उपयोग झाला नाही. त्या मोसमात भाऊंच्या बालदीत एकही कुर्ली पडली नाही. सावंतांनी मंडळाच्या हळदीकुंकवाला, चारचौघांत, जाहीर टिंगल केली.

भाऊ पेटले. "येत्या अवसेक पैज! तुम्ही सगळे दिवेवाले एका बाजूक, माझा यंत्र एका बाजूक. हरलंय तर यंत्र दुकानात परत!" आणि हळूच जोडलं, "पण यंत्र कोणी लावायचा, ता मी ठरवतलंय."

त्या अवसेला, दिवस मावळल्यावर, मी भाऊंच्या बिल्डिंगखाली गाडी लावली. भाऊ बाहेर आले. मागे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांची बायको, सुलूवहिनी! मी उडालोच. वहिनी संध्याकाळनंतर कुठेच दिसत नसत. गणपतीची रात्रीची आरती नाही, कोजागिरी नाही, हळदीकुंकूसुद्धा नाही. मंडळातल्या बायका म्हणत, फार शिष्ट आहे हो. खोटं कशाला बोलू, मीही मान डोलवायचो.

वहिनी मागे बसल्या. भाऊ माझ्या कानाशी पुटपुटले, "अरे, तिका काळोखात दिसत नाय. रातांधळा. वाढत चाललाहा. म्हणान घरात मी एक दिवो मालवणंय नाय. यंत्राची परीक्षा घेऊक तुझ्याकडे येतंय."

मागून वहिनी म्हणाल्या, "माका ऐकाक येता हो. रातांधळा आसा, बहिरेपण नाय." आणि मग मला, नीट शब्दांत, "मी यांना सांगून टाकलंय. एकदाच येईन. जमलं नाही, तर पुन्हा संध्याकाळी मला घराबाहेर काढायचं नाव घ्यायचं नाही. लोकांसमोर ठेचकाळत फिरायची हौस नाही मला."

मी गाडी सुरू केली. मला सावंतांची पैज गेली खड्ड्यात असं झालं होतं.

किनाऱ्यावर दिवे आधीच फिरत होते. भाऊंनी वहिनींच्या डोक्याला यंत्र बांधलं, पट्टा सारखा केला, कळ दाबली. वहिनींनी मान वळवली, डावीकडे, उजवीकडे, खाली. मी तर मनातल्या मनात गणपतीला नारळ बोललो.

"अगो बाय!" वहिनी म्हणाल्या. "पाणी दिसता. वाळूय दिसता!" आणि पुढच्या क्षणी, "अहो, बाजूक व्हा! पायाखाली येतली माझी कुर्ली!"

नंतर जे झालं त्याला धुमाकूळ हाच शब्द. माहेरी ह्या बाईने खाडीत बापाबरोबर कुर्ल्या धरल्या होत्या, हे आम्हाला कुठे ठाऊक! चिमटा फेकून दिला. पदर खोचला. सुरुवातीला दोनदा अंदाज चुकला, हात वाळूत आपटला. मग पायाने अंतर चाचपायची युक्ती काढली. बोटांनी हलकेच दाबायची, पाठीमागून उचलायची, बालदीत धप्प! दगडाआडून एक कुर्ली नांगे उगारून बाहेर आली, तर वहिनींनी तिला "ये गो, तुझीच वाट बघतंय" म्हणून उचललं. दिवेवाले आपले दिवे मालवून बघत उभे राहिले. शेवटी सावंत बालदीत डोकावले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "हरलंव, वहिनी! यंत्र ऱ्हवांदे, पुढल्या अवसेक आमका शिकवा."

"येतलंय की," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या अवसेक येतलंय, कोजागिरीक येतलंय, सगळ्याक येतलंय."

टाळ्या पडल्या. मी भाऊंकडे वळलो, म्हटलं आता हा माणूस सावंतांची सालटी काढणार. भाऊ पाण्याकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. इतकी वर्षं मी ह्या माणसाला विक्षिप्त म्हणत आलो. त्या क्षणी मला तो फार आवडला, आणि माझेही डोळे भरले.

निघायची वेळ झाली. वाटेत गोटेच गोटे, शेवाळलेले. भाऊंकडे ना दिवा, ना यंत्र. सवयीने त्यांनी आपला खांदा वहिनींसमोर आणला. वहिनींनी तो बाजूला सारला, एका हातात बालदी घेतली आणि दुसरा हात पुढे केला.

"हात धरा माझो," त्या म्हणाल्या. "हय दगड आसत."

भाऊंनी मुकाट्याने हात धरला. वहिनी पुढे, भाऊ मागे, असे दोघे काळोखातून गाडीकडे चालत गेले.