येमाजी भोयाने मरळीची पिले राखिली तो वृत्तांत

श्रीजलवासिनी प्रसन्न. जिने माशास पोहणे दिले, भोयास जाळे दिले आणि बाळंतिणीस भूक दिली, तिचे पायी मस्तक ठेवून तळ्याचा वृत्तांत लिहिला जातो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर. राज्याचे नाव लिहीत नाही; राज्ये बहुत, आणि तळ्याचे तंटे सगळीकडे तेच. तर त्या राज्यात डोंगराचे कुशीत एक थोर तळे होते आणि तळ्यात मरळ नामे मासा, अंगाने भरदार, काटा थोडा, आणि चव ऐसी की पंगतीस बसलेला मनुष्य व्याह्याचे बोलण्यासही हुंकार देईना. ही कीर्ती राजधानीस पोहोचली, मग काय विचारता! सणवार आला की सरदार आले, शिलेदार आले, सावकार आले, वैद्यबोवा आले, आणि गळ टाकून तीरावर ऐसे दाटीने बसले की एकाचा गळ दुसऱ्याचे पागोट्यास लागावा. भोयांची जाळी तर नित्य होतीच. मग होता होता मरळ विरळ जाहली आणि दिवसभर बसून लोक हात हलवीत घरी जाऊ लागले.

त्यात एक खोड सर्वांस जडली होती ती सांगणे अवश्य. श्रावणात मरळीची पिले निघतात, बारीक, लाल, हजारो, आणि पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा त्यांचा घोळका फिरतो, आणि त्याखाली आईबाप पहारा करितात. ही जात पिलांस सोडून पळत नाही. घोळक्यात गळ टाकिला की आई शत्रू समजून झेप घेते आणि गळास लागते. इतका सोपा मासा दुसरा नाही, म्हणून शहाणे म्हणविणारे लोक श्रावणाची वाट पाहत. मग आईबाप पातेल्यात आणि पिले बगळ्याचे पोटात, ऐसे चालले होते.

राज्याचा कारभार आईसाहेब पाहत असत. त्यांनी दरबार बोलाविला. कोणी म्हणाले मासेमारी समूळ बंद करावी, कोणी म्हणाले रयतेचे पोटावर पाय देऊ नये, आणि वैद्यबोवांनी सर्व दोष शनीवर घातला. आईसाहेबांनी अवघ्यांचे ऐकिले, विडा घेतला आणि हुकूम फर्माविला की, वितीहून लहान तो पाण्यात, हाताहून मोठा तो पाण्यात, मधला तो पातेल्यात. घरटी दोन, अधिक नाही. आणि पिलांवरची मरळ कोणी उचलू नये, उचलील त्याचा हात कलम होईल. हुकूम चोख, परंतु वीत कोणाची हे लिहावयाचे राहिले. मग लोक माप घेण्यास घरातले सर्वांत धाकटे मूल काखेस मारून आणू लागले आणि बोटाएवढा मासाही दोन वितींचा भरू लागला. तेव्हा दुसरा हुकूम निघाला की, येमाजी भोयाची वीत तीच तळ्याची वीत, त्याचा हात तोच तळ्याचा हात, आणि आजपासून तळे राखणेही त्याजकडेच. कारभाऱ्यांनी येमाजीस बजाविले की हात भाजू नये, चिरू नये, दोर ओढून अंगठा लांबवू नये. हा हात आता सरकारी आहे.

हा येमाजी कैसा म्हणाल, तर उंच, अबोल, आणि मनाने लोण्याचा. त्याची बायको पोर अंगावर असतानाच वारली. लोक म्हणाले दुसरी कर. त्याने केली नाही. शेळीचे दूध कापसाचे बोळ्याने पाजून पोर वाढविली, वेणी घालावयास शिकला, आणि घोगऱ्या आवाजात अंगाई म्हणे, तिने पोर निजे आणि शेजारी उठत. पोरीचे नाव ठकू. ती त्या साली पहिलटकरीण होऊन माहेरी आली आणि आषाढ सरता सरता तिला मुलगा जाहला. येमाजीने गूळ वाटला. परंतु पुढे चार दिवसांतच ठकूस ताप भरला, अंगात रक्त म्हणून राहिले नाही, आणि दूध आटले. सुईणीने डोके हलविले आणि म्हणाली, मरळीचे सार पोटात गेले तर बाई उठेल; नाहीतर मला विचारू नका. मूल शेळीचे दूध ओकून टाकी आणि रात्रंदिवस रडे.

मग येमाजी गळ घेऊन हुकुमात बसेल ऐसी मरळ धुंडू लागला. पावसाचे दिवस, पाणी गढूळ, मासा आमिषाकडे ढुंकून पाहीना. लागले ते वितीहून लहान. येमाजी त्यांजवर वीत ठेवी आणि पाण्यात सोडी. त्याचे झोपडीसमोर लव्हाळ्यात मात्र एक लाल घोळका रोज फिरत होता. त्याचा बाप कोणी चोरून नेला होता, एकटी आई उरली होती, आणि ती हाताहून चांगली चार बोटे वर होती. शेजारी म्हणाले, अरे, तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण काय उगाच पडली?  उलट दुसऱ्या कोणी हात घालू नये म्हणून येमाजी तेथेच बसून राही.

एके सकाळी मूल रडावयाचे थांबले. निजले नव्हते, डोळे उघडे होते. रडण्याइतके बळच उरले नव्हते.  येमाजी उठला, पाण्यात शिरला, आणि लाल घोळक्यात तोच सरकारी हात घातला. मरळ झेपावली आणि तिने अंगठ्यास कडकडून चावा घेतला. तीस पळता आले असते; पळाली नाही. येमाजीने तीस तशीच उचलिली, आणि उचलिताना तो रडत होता, हे सुईणीने डोळ्यांनी पाहिले.

सार शिजले, ठकूस पाजले. देवीची कृपा म्हणा, सुईणीची विद्या म्हणा, ताप उतरला, आणि तिसरे दिवशी दूध आले. मूल पोटभर प्याले आणि ढेकर देऊन निजले. मग ठकूने बापाकडे पाहिले. ती भोयाची लेक. श्रावणात एवढी मरळ कोठून येते हे तिला कोण शिकविणार! तिने त्याचा सुजलेला अंगठा हाती घेतला आणि हळूच म्हणाली, "बा, खाली पिल्लं होती नव्हं?" येमाजीने मान हलविली. ठकूचे डोळे भरले. तिने बापास दोष दिला नाही, मुलास छातीशी धरिले आणि एवढेच म्हणाली, "मग आता त्यांना कोण बघतंय?"

आईसाहेबांचा डेरा श्रावणमासी तळ्याकाठी महादेवापाशीच असे. येमाजी तडक तेथे गेला, मुजरा केला, आणि विचारणारा कोणी नसता आपला अपराध आपणच सांगितला. कारभारी गडबडले. कुंपणच शेत खाऊ लागले तर रयतेने काय करावे, म्हणून हात कलम करणे प्राप्त, ऐसे ठरले. मग एकास सुचले की हात गेला तर मासा मोजावा कशाने? हात ठेवून उरलेला मनुष्य कलम करावा काय, ऐसाही विचार निघाला. ही मसलत फार वेळ चालली असती, परंतु आईसाहेबांनी हाताने थांबविले आणि येमाजीस पुसिले, पोर कैसी आहे? तो म्हणाला, उठून बसते, मूल दूध पिते. मग पुसिले, आणि ती पिले?  तो म्हणाला, रोज कमी होतात, आईसाहेब, बगळे लव्हाळ्यात ठाण मांडून आहेत.

"मग येथे काय उभा राहिलास?" आईसाहेब म्हणाल्या. "त्यांची आई तू नेलीस, आता त्यांची आई तू हो. एक पोर वाढविली आहेस, तुला शिकविणे नलगे."

मग येमाजी उजाडता कमरेइतक्या पाण्यात उभा राही तो अंधार पडेतो. बगळा आला की काठी आपटी, खंड्या आला की पाणी उडवी, दिवड आली की शेपटीस धरून दूर भिरकावी. राजधानीचे शौकीन गळ विसरून तमाशा पाहण्यास जमले, आणि एका शिलेदाराने विचारिले की, येमाजी, अंगावरही पाजतोस की काय? येमाजी रागावला नाही, त्यास फुरसत नव्हती. पिले आरंभी त्याचे पायांस भ्यायली, परंतु कशाखाली तरी राहणे ही त्यांची रीत, म्हणून उन्हे चढली की त्याचे सावलीत गोळा होऊ लागली. तो चालला की चालत, थांबला की थांबत. मग येमाजीस राहवेना आणि तो त्याच घोगऱ्या आवाजात अंगाई म्हणू लागला, तेव्हा उरलेले बगळेही उडाले; भीतीने की गाण्याने, याचा निर्णय जाहला नाही. ठकू तीरावर मूल मांडीवर घेऊन बसे, दुपारी भाकरीचा घास बापाचे मुखात देई, आणि सांजेस त्याचे सोललेल्या पायांस तेल चोळी. पोर वाढविण्याचे ते सुख येमाजीचे आयुष्यात पुन्हा आले होते, आणि ते शिक्षा म्हणून आले होते, याची त्यास लाज वाटे.

भाद्रपद लागला, पिलांचा लाल रंग जाऊन काळसर जाहला, घोळका पसरू लागला. एके सकाळी येमाजी पाण्यात उतरला तो सावलीत कोणी आले नाही. तो दुपारपर्यंत तसाच उभा राहिला. ठकूने हाका मारिल्या, तेव्हा तो वर आला आणि तिचेजवळ बसून म्हणाला, "एकानंही वळून बघितलं नाही, ठके."

ठकूने मूल खांद्यावर घेतले. मग म्हणाली, "वळून बघितलं असतं तर जाववलं नसतं, बा."

त्याच आठवड्यात जावई बैलगाडी घेऊन आला. येमाजीने नातवाचा मुका घेतला, लेकीची ओटी भरली, आणि गाडी सुटली. गाडी बांधावरून गेली, वडाखालून गेली, वळणावर दिसेनाशी जाहली, तोवर येमाजी हात कपाळाशी धरून उभा होता. ठकूने वळून पाहिले नाही. येमाजीने डोळे पुसले, आणि त्यास वाईट वाटले नाही.

एवंच तळ्याची हकीकत. पुढे त्या तळ्यात मरळ पहिल्यासारखी जाहली, लोक घरटी दोन नेऊ लागले, आणि पिलांवरची मरळ उचलण्याचे कोणाचे मनात येईना. कारभारी म्हणतात, हा हुकुमाचा धाक. लिहिणाराने तीरावर बसून येमाजीस पाण्यात उभा पाहिला आहे, त्याचे मत निराळे आहे. जैसे घडले तैसे लिहिले. अधिकउणे असेल ते वाचणाराने पोटात घालावे.