रज्जाकभाईंच्या भिंती

रज्जाकभाईंच्या गेममधला माणूस सरळ भिंतीतून चालत जायचा. समोर दार असलं तरी दाराकडे वळायचा नाही. बघणारे हसायचे आणि रज्जाकभाई शांतपणे चहा ओतायचे.

लातुरात, क्लासच्या गल्लीत त्यांचं संगणकाचं दुकान होतं. या गल्लीत माणसांपेक्षा फ्लेक्स जास्त. फ्लेक्सवर पोरांचे चेहरे, चेहऱ्याखाली मार्क. ज्याचे मार्क पडले नाहीत ते पोर गुपचूप एसटीत बसून अहमदपूरला, उमरीला परत जातं. त्याचा फ्लेक्स कुणी लावत नाही. क्लासवाल्यांच्या या लुटीविरुद्धची आमच्या संघटनेची पत्रकं मी रज्जाकभाईंकडेच छापून घेत असे. ते प्रत्येक पत्रक वाचत आणि म्हणत, "लई राग हाय, बेटा. समास तरी सोड थोडा."

छपाई होईपर्यंत ते आपला नाद दाखवायचे. गेमचा नकाशा बनवायचा प्रोग्राम. दुकानात येईल त्याला तो शिकवायचाच. झेरॉक्सला आलेल्या एका तलाठ्यालाही त्यांनी खुर्चीत बसवलं होतं. पडद्यावर चौकोनांची रिकामी जाळी, बाजूला छोटी चित्रं: माती, गवत, पाणी, दगड. चित्र उचलायचं, चौकोनात ठेवायचं. त्या चित्राला सगळे टाइल म्हणतात, रज्जाकभाई फरशी म्हणत. लेअरला थर.

"आधी जमिनीचा थर. मग भिंती, झाडं. घाई न्हाई करायची."

मी घाई केली. जमिनीआधी झाड लावलं. ते काळ्या पोकळीत लटकत राहिलं.

"तुमचं आंदोलन असंच हाय," ते म्हणाले.

भिंत टाकली की तिला 'ठोस' अशी खूण करावी लागते, नाहीतर गेममधला माणूस तिच्यातून आरपार जातो. पहिल्याच धड्यातली गोष्ट. तेवढी मात्र रज्जाकभाई कुणाला शिकवत नसत.

मग दुकानाच्या जागेच्या मालकाला तिथे अभ्यासिका काढायची हुक्की आली. जागा खाली करा म्हणाला. तेव्हाच समोरच्या क्लासचे सर आले. त्यांना जाहिरातीसाठी गेम हवा होता. पोरगा खोलीत, प्रश्न सुटला तरच पुढच्या खोलीत.

"नकाशा करून द्या, भाई. जागेचं मी मालकाशी बोलतो. फक्त भिंती पक्क्या पाहिजेत. उत्तर चुकलं की पोरगं आत अडकलं पाहिजे."

रज्जाकभाईंनी नकाशा सुरेख केला. सरांनी चालवून पाहिला. पोरगा एकही प्रश्न न सोडवता सगळ्या खोल्या ओलांडून रस्त्यावर आला.

"भाई, खूण राहिली."

"राहिली न्हाई. करत न्हाई मी."

"एका टिचकीचं तर काम आहे."

"हाव. म्हणूनच."

सर गेले आणि दुकानही गेलं.

सामान बांधायला मी गेले, पण आधी भांडले. "क्लासला विरोध करायचा तर आमच्या पत्रकावर सही करा ना, भाई. एका खुणेपायी दुकान घालवायचं, ही कसली तऱ्हा?"

एक संगणक अजून चालू होता. त्यांनी वेगळाच नकाशा उघडला. किल्लारीकडचं त्यांचं गाव, भूकंपाआधीचं. वाकड्या गल्ल्या, चावडी, मशीद, आड. पुनर्वसनाच्या कॉलनीसारखी सरळ रेघ एकही नाही.

"मी गवंडी होतो, माहीत हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं.

"ही भिंत माझ्या हातची. दगडमातीची, दोन हात रुंद. बहिणीचं घर. मेहुणा म्हणला, एवढी जाड कशाला? म्हणलं, माझी बहीण राहती आत. बैल धडकला तरी हलायची न्हाई."

माझा राग कुठे ठेवावा, मला कळेना.

"कुठला दगड कुठं बसवला, सगळं ध्यानात होतं माझ्या. त्याच हातानं ढिगारा उपसत होतो. तरी उशीर झाला."

पडद्यावर त्या घरात हिरव्या ओढणीतली एक बाई उभी होती, बोटाच्या पेराएवढी. रज्जाकभाईंनी बाणाचं बटण दाबलं. ती भिंतीतून बाहेर आली, गल्ली ओलांडून मोकळ्या जागेत, लिंबाखाली जाऊन थांबली.

"निघाली," ते म्हणाले.

टेंपोवाला बाहेरून हाका मारत होता. प्लग काढायला मात्र रज्जाकभाईंचा हात काही केल्या पुढे होईना.