शेवटच्या बाकावरचे पांडुतात्या

मी हजेरी घेत होतो. "वंदना म्हात्रे," म्हटल्यावर शेवटच्या बाकावरून घोगरा पुरुषी आवाज आला, "हाय हाय, घ्या फुडं!"

मान वर केली. डोक्याला पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर, मांडीवर छत्री, आणि मीच वर्गात उशिरा आलोय असा चेहरा. हे वंदनाचे सासरे, पांडुतात्या म्हात्रे. धरमतरच्या खाडीकाठच्या गावातून पेण गाठून, तिथून गाडीने रोह्याला आमच्या कॉलेजात आले होते. सुनेला कावीळ झाली होती, म्हणून तिच्या जागी बसायला!

"तात्या, असं चालत नाही," मी म्हणालो.

"का नाय चालत? खाडीचा बांध फुटला की गावात दवंडी व्हते, घरटी एक मानूस. बापूस तापानं पडला तर लेक जातो, लेक नसंल तर सून जाते. हजेरी घराची असते, मास्तर. मानसाची कोन घेतो?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या तासाला पडलेल्या त्या पहिल्याच टाळ्या.

तात्यांचा मुलगा अपघातात गेला होता. घरात उरले सासरा आणि सून. तिने नव्याने संसार मांडावा हा हट्ट तात्यांचाच, आणि अलिबागचं स्थळही त्यांनीच शोधलेलं. वंदनाने मात्र बजावलं होतं, "पदवी हातात आल्याबिगर मी या घरातून हलनार नाय." तेव्हापासून ही पदवी नेमकी मिळते कशी, याच्या मागे तात्या हात धुऊन लागले होते.

आता खरं सांगायचं तर अंतिम श्रेणी कशी काढतात, हे आमच्या स्टाफरूममध्येही कोणी छातीठोकपणे सांगितलं नसतं. त्यावर दिवसभराची एक कार्यशाळा झाली होती म्हणा. एक गृहस्थ फळ्यावर 'श्रेयांक गुणिले श्रेणीगुण, भागिले एकूण श्रेयांक' असं लिहीत होते आणि आम्ही जेवणात बासुंदी आहे की श्रीखंड याचा वास घेत होतो. तात्या मानगुटीवर बसले म्हणून मला ते सगळं पुन्हा वाचावं लागलं.

लेखी परीक्षा पंचाहत्तरची, कॉलेजच्या हातातले पंचवीस, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हायचं. हे ऐकून तात्या खवळले. "लेखीत ढीगभर पडले, त्यातले चार हिकडं टाकले तर काय बिघडलं? एकाच पोरीचे मार्क ना?"

पंचविसांतले पाच हजेरी आणि वर्तणुकीचे, हेही मी सांगून बसलो.

"वर्तनूक कोन मोजतो?"

"मी."

"आनि तुमची?"

याचं उत्तर नियमावलीत नव्हतं.

मग तात्या जगालाच मार्क द्यायला लागले. "हातातलं किती, पेपरातलं किती?" हा त्यांचा पहिला सवाल. रोहा स्टेशनबाहेरच्या वडेवाल्याला त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, "वडा पेपरात पास हाय, पन तुझी वर्तनूक नापास. दोनी बाजूनं सुटाया पायजे!" त्याने चटणी कमी दिली होती.

कावीळ लांबली, आणि तात्या येत राहिले. तासाला छान झोपत, पण शिस्तीत, छत्री धरून. तरी व्हायचं ते झालंच. हजेरी कमी भरली म्हणून शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसू न देण्याच्या यादीत वंदनाचं नाव लागलं. तात्या तडक प्राचार्यांपुढे उभे राहिले.

"डॉक्टरांचा दाखला आणा, सूट मिळेल," प्राचार्य म्हणाले.

"त्यो दाखला ती आजारी व्हती ह्याचा. मी हजर व्हतो त्याचं काय?"

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी मीच तात्यांना समजावलं, दाखला आला, आणि वंदना पेपराला बसली.

निकालाच्या दिवशी दोघं आले. मी निकाल पाहिला आणि म्हणालो, "सगळे विषय सुटले, तात्या! श्रेणीही चांगली आहे."

तात्यांनी पिशवीतून पेढे काढले आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत स्वतः वाटले. वंदना मैत्रिणींच्या घोळक्यात हसत होती. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तात्या माझ्याशेजारी पायरीवर टेकले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"ऐतवारी अलिबागची मंडळी येतील. बोलनी कवाच झालीत."

"चांगलं झालं, तात्या."

"चांगलंच झालं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "पन मास्तर, मगाशी तुमी निकाल बघत व्हता ना, तवा माज्या मनात आलं, येखादा इषय ऱ्हायला तर बरं. सा म्हैनं आजून घरात दिवा लावील ती. थू माज्या जिनगानीवर! पोरीचं वाईट चिंतलं मी."

मी हातातला पेढा मोडला आणि अर्धा त्यांच्यापुढे धरला.

"चला बाबा, गाडी चुकंल!" फाटकापाशी जाऊन वंदनाने हाक मारली.

"आलो गो बाय!" तात्यांनी टोपी घातली, उठताना माझा खांदा धरला आणि हळूच म्हणाले, "तिला सांगू नका."